बेचाळीस मीटर तांबं

वॉचमनच्या खोलीबाहेरच्या पॉइंटमधून प्लग उपसला, तेव्हा आधी वास आला. जळक्या बॅकेलाइटचा. उजेडात धरून पाहिलं तर एक पिन काळवंडलेली, आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या कपाने उमटावं तसं तपकिरी कडं. गाडी घरी येऊन चौथा दिवस होता.

शोरूममधला मुलगा खोटं बोलला नव्हता. ‘मॅडम, घरच्या साध्या पंधराच्या पॉइंटवर चार्ज होते,’ असं तो म्हणाला होता आणि गाडी खरंच चार्ज होत होती. रात्री केबल लावायची, सकाळी बॅटरी भरलेली. वीज कुठून कशी येते हे पाहायची गरज मला वाटली नव्हती, आणि तो विषय त्यानेही काढला नव्हता.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतलं वायरिंग ज्यांच्या हाताखालून गेलंय त्या वायरमनकाकांना बोलावलं. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, सॉकेट उघडलं आणि आतल्या स्क्रूला हलकासा पीळ दिला. स्क्रू फिरला.

‘हे बघा ताई. पाव आटा ढिला.’

पाव आट्याने एवढं? काका म्हणाले, ‘गिझर अर्धा तास चालतो. मग तो गार होतो, पॉइंटही गार होतो. तुमची गाडी रात्रभर ओढते. गिझर आमच्या चुका खपवून घेतो, गाडी नाही घेत.’

ढिल्या सांध्याचा रोध वाढतो, रोधामुळे उष्णता होते. उष्णतेने धातू फुगतो, सकाळी गार होऊन आकसतो, आणि सांधा आणखी ढिला पडतो. माझ्या गाडीची बॅटरी 24 युनिटची. पंधराच्या पॉइंटवरून ती रिकामी ते पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात. गाडी चार्ज होत असेपर्यंत सुमारे 14 अँपिअर वीज त्या पाव आट्यातून जात होती.

सॉकेटमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने ते पहिल्यांदा गंभीर झाले. अर्थिंगच्या पिनेला आलेली हिरवी वायर कुठेच जात नव्हती. कुणीतरी न्यूट्रलवरून बोटभर तुकडा काढून अर्थच्या जागी जोडून ठेवला होता. गाडीच्या केबलमधला तो काळा डबा वीज सोडण्याआधी अर्थिंग आहे का ते तपासतो. या तुकड्याने त्याला फसवलं होतं. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला असता, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरला असता. चार दिवस सकाळी त्या गाडीच्या दाराला मी हात लावत होते.

माझ्याजवळ खरेदीची यादी तयार होती. भिंतीवर लावायचा 7.2 किलोवॅटचा बॉक्स, नाहीतर थोडे पैसे टाकून 11 किलोवॅटचाच. शिवाय दहा मीटरची लांब केबल. काकांनी यादी पाहिली आणि दोनच प्रश्न विचारले. ‘रोज गाडी किती चालते? आणि मीटरपासून पार्किंग किती लांब?’

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, पस्तीसेक किलोमीटर. माझी गाडी एका युनिटमध्ये आठेक किलोमीटर जाते. म्हणजे रोज साडेचार युनिट, चार्ज होतानाची गळती धरून पाच. पंधराच्या पॉइंटवर हे दीड-दोन तासांचं काम. मी रात्री दहाला घरी येते आणि सकाळी आठला निघते. उरलेले आठ तास गाडी नुसती उभीच. मग घाई कोणाला होती?

या यादीतली मोठी चूक पुढे कळली. भिंतीवरच्या बॉक्सला आपण सगळे चार्जर म्हणतो, पण तो चार्जर नाहीच. बॅटरीला डीसी वीज लागते आणि भिंतीतून येते ती एसी. तिचं रूपांतर करणारं यंत्र गाडीच्या पोटात बसलेलं असतं. खरा चार्जर तो, आणि त्याची जेवढी भूक तेवढंच तो खातो. 2020 साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत 3.3 किलोवॅटचा चार्जर होता. 2022 च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये 7.2 चा पर्याय मिळू लागला. माझ्या गाडीतला 3.3 चा. तिच्यासमोर कितीही मोठा बॉक्स लावला तरी ती 3.3 च घेणार.

11 किलोवॅटची गंमत तर त्याहून मोठी. तो बॉक्स थ्री-फेजचा; प्रत्येक फेजमधून 16 अँपिअर देतो आणि तिन्हींची बेरीज 11 होते. सिंगल-फेज चार्जर असलेली गाडी त्यातली एकच फेज वापरते, म्हणजे साडेतीन-पावणेचार किलोवॅटवर अडकते. 7.2 चा बॉक्स मात्र एकाच फेजमधून 32 अँपिअर देतो. मोठ्या चार्जरची सिंगल-फेज गाडी असती तर जास्त पैसे मोजून तिला निम्मा वेग मिळाला असता.

दुसऱ्या प्रश्नासाठी टेप काढली. मीटर रूम इमारतीच्या एका टोकाला, माझी जागा दुसऱ्या टोकाला. भिंतीच्या कडेकडेने, दोन तुळया ओलांडून, 42 मीटर. सगळा हिशोब या आकड्यावर येऊन बसला. वीज जाते 42 मीटर आणि परत येते 42 मीटर. म्हणजे 84 मीटर तांब्यातून. काकांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला जे आकडे लिहिले, ते मी रात्री पुन्हा मांडून पाहिले. 2.5 चौरस मिलिमीटरची नेहमीची वायर टाकली तर 14 अँपिअरला वाटेतच सुमारे 120 वॅट उष्णता होऊन जातात. 6 ची वायर टाकली तर 50. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून याच 6 च्या वायरमधून 32 अँपिअर नेले तर वाटेत 260 वॅट जातील आणि गाडीपर्यंत आठेक व्होल्ट कमी पोचतील.

शिवाय घरचा मेन एमसीबी 32 अँपिअरचा. मोठ्या चार्जरच्या गाडीला 7.2 चा बॉक्स लावला की तो एकटाच 31 अँपिअर घेणार. वर कुणी मिक्सर लावला की घर अंधारात.

ठरलं ते असं: वायर 6 ची, कारण भिंतीतली वायर पुन्हा पुन्हा टाकत नाहीत, पण टोकाला सध्या 16 अँपिअरचं दणकट सॉकेट. पुढची गाडी मोठ्या चार्जरची आली तर मंजूर भार वाढवून घ्यायचा आणि दोन्ही टोकं बदलायची. लांब केबलवर फुली मारली. पॉइंटच गाडीच्या तोंडाजवळ आणायचा.

सामानासाठी काका मला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेऊन गेले. दुकानात शिरायला एक माणूस आडवा झाला तर दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं, आणि तरी हवी ती वस्तू मागे हात घालून निघते. वायर लाल, काळी आणि हिरवी. आग लागली तर कमी धूर करणारी. काकांनी सगळ्यात जास्त वेळ आरसीसीबी निवडण्यात घालवला. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. दुकानदाराने पुढे केलेल्या डबीवर एक साधी लाट छापलेली होती. काकांनी ती परत सरकवली आणि लाटेखाली तुटक कमानी असलेली दुसरी मागितली. पहिली टाइप एसी, दुसरी टाइप ए. गाडीतला चार्जर एसीचं डीसी करतो, त्यामुळे त्याच्याकडची गळती अर्धवट डीसीच्या रूपात येऊ शकते, आणि ती टाइप एसीला दिसतच नाही. फरक काही रुपयांचा आणि बोटभर चित्राचा.

सोसायटीच्या कमिटीत दोन बैठका गेल्या. आग लागेल, मीटर रूममध्ये जागा नाही, कॉमन वीज वापराल, ही तिन्ही भीती खोटी म्हणता येत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे मी दाखवलं. पण ना हरकत पत्र मिळालं ते वॉचमनच्या पॉइंटचं जळकं सॉकेट टेबलावर ठेवल्यावर. गाड्यांसाठी वेगळं मीटर घेण्याचाही विचार झाला. घरगुती बिलात 100, 300, 500 असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. घरचे 180 आणि गाडीचे 130 मिळून मी 300 च्या उंबरठ्यावरच राहते, म्हणून घरचंच मीटर ठेवलं. महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित वेगळं येईल.

मग दोन दिवस काम चाललं. पाइप ठोकताना काका वाकणांवर काटकोनी बेंड न वापरता लांब वळण देत होते. वायर ओढताना तिची साल खरवडू नये म्हणून. पार्किंगमध्ये घुशी आहेत, त्यामुळे उघडी वायर कुठेच नको. 6 ची जाड वायर सॉकेटच्या छिद्रात नीट बसत नाही. लोक तिच्या चार तारा कापून बसवतात. काकांनी एमसीबीपर्यंत 6 ची आणली आणि पुढे वीतभर 4 ची वायर, टोकांना लग दाबून. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायरला एक हिसका. सॉकेट छातीच्या उंचीवर, पावसाळ्यात तळाशी पाणी साचतं म्हणून. शेजारी एक जाड हूक. तो कशाला? ‘केबलचा डबा प्लगला लोंबकळला की त्याच्या वजनाने पिना वाकड्या होतात आणि सांधा ढिला पडतो. पुन्हा पाव आटा.’

अर्थिंगने मात्र घाम काढला. इमारतीच्या जुन्या अर्थला जोडून पाहिलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये 14 व्होल्ट. दोन-तीनच्या वर नको. केबलच्या डब्यावर लाल दिवा लागला आणि या वेळी त्याला फसवायला कुणी तुकडा जोडला नाही. नवा खड्डा घ्यायचा ठरलं. फूटभर माती, मग मुरूम, आणि चार फुटांवर पहार वाजली. पुण्याच्या खाली दख्खनचा काळा कातळ आहे. घर बांधायला उत्तम, वीज जिरवायला वाईट. पूर्वी असा खड्डा कोळसा आणि मिठाचे थर देऊन भरत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत. आता मशीनने दोन बारीक भोकं पाडली, तांब्याचा मुलामा असलेल्या कांब्या उतरवल्या, भोवती ओल धरून ठेवणारी माती भरली आणि दोन्ही पट्टीने जोडल्या. दोन खुंट्या लांब ठोकून काकांनी मीटर फिरवला. 3.1 ओहम. ‘पाचच्या आत आलं,’ म्हणाले आणि खड्ड्याच्या कडेला बसून तंबाखू मळली.

संध्याकाळी गाडीला केबलची गन लावली. आपल्याकडच्या नव्या गाड्यांना लागणारी ही टाइप 2 गन मूळ जर्मनीतल्या मेनेकेस कंपनीची. तोंडात सात पिनांच्या जागा; माझ्या सिंगल-फेज केबलमध्ये त्यातल्या दोन रिकाम्या. वरच्या दोन बारीक पिना वीज नेत नाहीत, बोलतात. एकीतून सेकंदाला हजार ठोके जातात, आणि ठोक्याची रुंदी गाडीला सांगते की इथून किती मिळेल: दहा टक्के रुंदी म्हणजे 6 अँपिअर, सत्तावीसच्या आसपास म्हणजे 16, त्रेपन्न म्हणजे 32. दुसऱ्या पिनेमागे एक छोटा रोध असतो; सुट्या केबलची कुवत किती हे तो सांगतो, 20 अँपिअरच्या केबलमध्ये 680 ओहमचा, 32 च्या केबलमध्ये 220 चा. म्हणून शिक्का नसलेली स्वस्त केबल घ्यायची नाही. रोध 32 चा आणि आतलं तांबं 20 चं असेल, तर गाडी तिच्या शब्दावर विश्वास ठेवणार.

ही बोलणी संपेपर्यंत गनमध्ये वीज नसतेच. मग डब्यातून ‘टक्’ असा आवाज आला आणि हिरवा दिवा. काका तासभर थांबले. मग सॉकेट, प्लग आणि एमसीबीला उलट्या हाताने स्पर्श केला. कोमट. गाडीच्या दारालाही हात लावला. जाताना आरसीसीबीच्या टी बटणाखाली चिकटपट्टीवर पेनने लिहून गेले: ‘दर 1 तारखेला दाबा.’

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी बुक केली. जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, ‘तुमचा चार्जर कुठल्या कंपनीचा हो? किती पडला?’

मी म्हटलं, ‘आधी टेप घ्या आणि खाली या.’