एक्स-रेत न दिसणारी दुखापत

अपघातातून उठलेले रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. कुणाचा हात मोडलेला असतो, कुणाची मान धरलेली असते. प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो, "डॉक्टर, मी पूर्वीसारखा कधी होणार?" या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकातून मिळाले. उरलेले अर्धे माझ्या घरी घडलेल्या अपघाताने शिकवले. म्हणून आज थोडे घरचेच सांगतो.

आमचे ताथवडे मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी आणि माझा धाकटा भाऊ देहूरोडकडून घरी येत होतो. गाडी तो चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. पुढची वाहने थांबली म्हणून त्याने ब्रेक दाबला, तोच मागून टेम्पो आदळला आणि आमची गाडी पुढच्या कंटेनरवर गेली. दोघांनीही पट्टा लावला होता म्हणून वाचलो. माझ्या डाव्या खांद्याजवळच्या गळपट्टीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. भावाला केवळ खरचटले होते. "याला काही झालेले नाही," असे सर्वांनीच म्हटले. मीही म्हटले. तिथेच माझी चूक झाली.

पहिले दोन दिवस

अपघातानंतर शरीर काही तास ताणाखाली असते आणि दुखणे झाकले जाते. मानेला बसलेला हिसका पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जाणवू लागतो. म्हणून "मला काही लागले नाही" असे म्हणून घरी निघून जाऊ नये, एकदा तपासून घ्यावे. डोक्याला मार लागला असेल तर पहिले दोन दिवस घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका येणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पट्ट्याचा वळ पोटावर उठला असेल आणि पोट दुखत असेल तर तेही अंगावर काढू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावा. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा मदतीला कचरू नये.

हाडाचे वेळापत्रक

माझे हाड जुळायला सुमारे दोन महिने लागले. मोठ्या माणसाच्या नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा त्याहून अधिकही लागतात. या काळात हात गळ्यात असला तरी बोटे आणि मनगट हलवत राहावे, नाहीतर सांधे आखडतात. मान दुखते म्हणून आठवडेच्या आठवडे पट्टा लावून ठेवल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल सुरू करणेच बरे.

प्लास्टर घातल्यावर बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली तर सकाळची वाट पाहू नये. ताज्या सुजेवर तेल लावून चोळणे टाळावे. विशेषतः कोपराजवळ जोरात चोळल्याने स्नायूत हाडासारखा कठीणपणा येऊन सांधा कायमचा अडकू शकतो. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो. डाळी, दूध, अंडी हे साधे अन्न आणि भौतिकोपचार तज्ज्ञांनी शिकवलेले व्यायाम, यांना तोड नाही.

घाई मात्र करू नका. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांची गाडी ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ धडकली. मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. उत्तम डॉक्टर आणि कसलेले शरीर असूनही पुन्हा सामन्यात उतरायला त्यांना मार्च २०२४ उजाडावा लागला. मग आपण पंधरा दिवसांत कामावर जाण्याचा हट्ट का धरावा?

मनाचे वेळापत्रक

आता भावाकडे वळतो. मला भेटायला माणसे येत. माझ्या गळ्यातला हात पाहून हळहळत आणि मग विचारत, "गाडी कोण चालवत होतं?" भाऊ कोपऱ्यात बसून ऐकत असे. दर वेळी त्याला सगळी हकिगत पुन्हा सांगावी लागे. तो रात्री दचकून उठू लागला. मोठा हॉर्न वाजला की त्याचे हात थरथरत. चाकणच्या कारखान्यात तो कंपनीच्या बसने जायचा, तेही त्याने टाळले. रजा संपली, पगार कापला जाऊ लागला. मी डॉक्टर असूनही त्याला म्हणालो, "अरे, तुला लागलं तरी कुठं?" अखेर सहा आठवड्यांनी आई म्हणाली, "तुझा हात जुळत आला, पण ह्याचं काय?"

त्या दिवशी माझे डोळे उघडले. अपघातानंतर काही दिवस झोप न लागणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही ते चालूच राहिले, माणूस रस्ता, गाडी, कामधंदा टाळू लागला, तर तो आघातानंतरचा मानसिक आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. हा भित्रेपणा नव्हे आणि वेडही नव्हे. लहान मुले असे बोलून दाखवत नाहीत. ती आईला बिलगून राहतात, अंथरूण ओले करतात. दारूने किंवा स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांनी दुखणे आत दडपले जाते.

भावाला आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. दर आठवड्याला बोलणे आणि टप्प्याटप्प्याने सराव, असा उपचार सुरू झाला. आधी दारात उभ्या गाडीत दहा मिनिटे नुसते बसायचे. ते जमले की रविवारी पहाटे, रहदारी नसताना, माझ्या शेजारी बसून डांगे चौकापर्यंत जायचे. मग सेवा रस्ता, मग कंपनीची बस आणि सर्वांत शेवटी महामार्ग. एका पायरीवर भीती उतरल्याखेरीज दुसरी पायरी चढायची नाही, असा नियम होता. तिसऱ्या महिन्यात तो कामावर रुजू झाला. गाडी हातात घ्यायला आणखी चार महिने लागले. आजही मागे मोठे वाहन आले की तो आरशात दोनदा पाहतो. तेवढे राहिले आहे आणि त्याचे आम्हाला काही वाटत नाही.

ज्यांना असा त्रास होतो त्यांनी आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतून बोलता येते.

शेवटी एक विनंती. अपघातग्रस्ताच्या घरी भेटायला जाल तेव्हा हकिगत विचारू नका, चूक कुणाची होती हे तर मुळीच नको. "झोप लागते का? जेवण जातं का?" एवढेच विचारा. आणि ज्याच्या अंगावर एकही पट्टी नाही, त्याच्याशेजारीही घटकाभर बसा.