स्वस्त कोर्स, महाग सर्टिफिकेट

जव्हार म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना पावसाळी वीकएण्ड आठवतो. दाभोसा धबधबा, जयविलास पॅलेस, धुक्यातली दरी, गरमागरम भजी आणि परतताना गाडीच्या डिकीत एखादं वारली पेंटिंग. ‘ठाण्याचं महाबळेश्वर’ हे या गावाचं जुनं टोपणनाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी टोपणनाव काही बदललं नाही.

रविवारी संध्याकाळी आपण मुंबईच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी पोचतो. सोमवारी सकाळी जव्हारमध्ये पतंगशाह कुटीर रुग्णालयापुढे रांग लागते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी पाड्यांवरून आलेली माणसं. कुणाला रक्त तपासायचंय, कुणाला एक्स-रे काढायचाय, कुणाच्या पायाचं प्लास्टर नुकतं निघालंय आणि पाय अजून वाकत नाही. या प्रत्येक कामाला डॉक्टरखेरीज आणखी एक माणूस लागतो. लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट. हे माणूस जागेवर नसलं की पेशंटची चिठ्ठी नाशिकच्या नावाने फाटते. नाशिक जव्हारपासून साधारण ८० किलोमीटर.

हा भाग पेपरात येतो तो बहुतेक वाईट बातमीमुळेच. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशीजवळच्या मर्कटवाडीत अपुऱ्या दिवसांची जुळी बाळं दगावली आणि त्यांच्या आईला डोलीतून डोंगर उतरवून न्यावं लागलं. रस्ता हवा, अॅम्ब्युलन्स हवी, डॉक्टर हवा, हे सगळं खरंच. पण त्या डॉक्टरच्या शेजारी उभी राहणारी माणसं कुठून येणार? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे इथलीच मुलं. ती शिकायला तयार आहेत. त्यांना योग्य कॉलेज सापडत नाही, सापडतं ते पॅम्फ्लेट!

पॅम्फ्लेटचा फंडा

मी करिअरवर लिहिते म्हटल्यावर लोक मला कुठेही गाठून सल्ला विचारतात. जव्हारच्या एसटी स्टँडवर असाच मोखाड्याकडचा एक मुलगा भेटला. बारावी सायन्स, मार्क बरे, हातात चकचकीत कागद. ‘सहा महिन्यांत डीएमएलटी! १०० टक्के जॉब!! फी हप्त्यांत!!!’ इन्स्टिट्यूट शहरातली, नाव भारदस्त. त्याचे बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पहिला हप्ता शनिवारपर्यंत भरायचा होता.

‘ताई, स्वस्त आहे ना?’ त्याने विचारलं.

फी कमी म्हणजे कोर्स स्वस्त, असं आपण धरून चालतो. जीन्स घेताना ते चालतंही. इथे नाही चालत. कारण संसदेने २०२१ मध्ये ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अॅक्ट’ हा कायदा केला आणि त्यात शिक्षणाच्या तासांचं साधं माप घालून दिलं. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायचं तर डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची हवी आणि ती दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी. त्यावरच्या हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी डिग्री किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची.

आता गणित करा. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. २००० तास त्यात कोंबायचे तर आठवड्याला ७७ तास होतात. रविवार सोडून रोज जवळपास १३ तास! पॅम्फ्लेटवर क्लासची वेळ होती, सकाळी १० ते १२. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसला प्रकार. अशा सर्टिफिकेटवर कुणी एखाद्या खासगी लॅबमध्ये ट्यूब धुवायला ठेवेलही. पण सरकारी भरतीचा फॉर्म भरताना ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द आडवा येतो आणि तिथे गोष्ट संपते. पैसे गेले त्यापेक्षा वर्ष गेलं, हे जास्त महाग.

पाच प्रश्न, एक फोन

म्हणून कुठल्याही कॉलेजला पैसे देण्याआधी फोन करून पाच प्रश्न विचारायचे. बिनधास्त. उत्तर देताना समोरचा चिडला तर तेही एक उत्तरच आहे.

एक, परीक्षा कोण घेतं? ‘आमची स्वतःची’ असं उत्तर आलं की फोन ठेवा. राज्य सरकारचं आरोग्य शिक्षणाचं विद्यापीठ एकच, नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ पासूनचं. काही कोर्स इतर मान्य विद्यापीठांचे किंवा राज्याच्या मंडळांचेही असतात, पण ते नाव सर्टिफिकेटवर छापलेलं हवं.

दोन, पास झाल्यावर नोंदणी कुठे होईल? नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याची वेगळी कौन्सिल आहे. लॅब आणि इतर टेक्निशियनांसाठी राज्याने परावैद्यक परिषदेचा कायदा केलाय. २०२१ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्याला या सगळ्या अलाइड व्यवसायांसाठी स्वतःची परिषद स्थापायची आहे. नर्सिंग आणि फार्मसी या कायद्यात येत नाहीत, त्यांचे कायदे आधीपासून वेगळे आहेत. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या कोर्सबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियमही बघावे लागतात, कारण प्रश्न रेडिएशनचा असतो.

तीन, हॉस्पिटल कुठलं? कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल किती खाटांचं आणि मुलं तिथे आठवड्याचे किती तास उभी असतात? सुई टोचायला फळ्यावर शिकता येत नाही.

चार, घरबसल्या आहे का? असेल तर सोडा. या कायद्याखाली येणारे कोर्स ऑनलाइन किंवा डिस्टन्स पद्धतीने चालवायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.

पाच, प्रवेश कसा होतो? सरकारी प्रवेश फेरीतून की थेट ‘काउंटर’वर? एसटी विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचं भवितव्य बरंचसं यावरच ठरतं.

खरं स्वस्त कुठे?

गंमत अशी, की सगळ्यात चांगलं शिक्षण आणि सगळ्यात कमी फी या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच इमारतीत असतात. परळचं केईएमच घ्या. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं स्कूल इथे सुरू केलं. आज केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या कॉलेजांत फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकता येते. त्यासाठी नीट द्यावी लागते. ‘नीट म्हणजे फक्त एमबीबीएस’ असं समजून जव्हारची किती तरी मुलं फॉर्मच भरत नाहीत.

सरकारी मेडिकल कॉलेजांत आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी कोर्स असतो. लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा शाखांमधली ही पॅरामेडिकल डिग्री. बीएससी नर्सिंगसाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. दोन वर्षांचं डी. फार्म तंत्रशिक्षण विभागाच्या प्रवेश फेरीतून मिळतं.

आणि एक हटके वाट. जव्हारमध्ये प्रगती प्रतिष्ठान ही संस्था अनेक वर्षं कर्णबधिर मुलांची शाळा चालवते. अशा मुलांची तपासणी करायला, त्यांना बोलतं करायला ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट लागतात. ती डिग्री वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत मिळते. ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून आहे. कृत्रिम हात-पाय बनवण्याचं शिक्षण हवं तर हाजी अलीला केंद्राचीच दुसरी संस्था आहे. जव्हारच्या मुलाने तिथे जाऊन वारली किंवा कोकणा बोलणारा स्पीच थेरपिस्ट व्हावं, याहून सॉलिड करिअर कुठलं!

महिना १,६६६ रुपये

मग अडतं कुठे? फीपाशी फारसं नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती असते. उत्पन्न त्यापुढे गेलं तरी फी माफीची राज्याची योजना आहे. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.

अडतं ते राहण्या-खाण्यापाशी. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर टेन्शन नाही. नाही मिळाली तर ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्’ योजना आहे. २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार ठरले. जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. वीस हजाराला बाराने भागा. महिन्याला १,६६६ रुपये भाडं. परळमध्ये. तुम्ही स्वतः पीजीमध्ये राहत असाल तर हसू येईल, किंवा येणारही नाही. शिवाय हे पैसे पहिल्या महिन्यात हातात पडत नाहीत आणि घरमालकाला डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी लागतं.

दुसरी अडचण कागदांची. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे अनेक घरांत प्रवेशाच्या आठवड्यातच कळतं. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी मागतात. पणजोबा शाळेतच गेले नव्हते, तर नोंद कुठून येणार? मग जमिनीचे जुने उतारे शोधा, नातेवाइकांची प्रमाणपत्रं जोडा. हे काम बारावीच्या निकालानंतर होत नाही. ते अकरावीत सुरू करायचं असतं. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची चौकशी तिथे होते. जव्हारमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं आणि मोखाड्यात रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. तिथल्या मास्तरांनी दिवाळीआधी एक तास या विषयावर घेतला, तरी किती तरी मुलांचं वर्ष वाचेल.

नोकरीचं म्हणाल, तर हमी कुणीच देऊ नये. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने आरोग्यसेवकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि भरती रखडली. पण जागा निघते तेव्हा ज्याच्या हातात मान्यताप्राप्त डिग्री आणि नोंदणी क्रमांक असतो, तोच फॉर्म भरू शकतो. आणि नाहीच निघाली तरी नाशिक-ठाण्याची हॉस्पिटलं त्याला दारातून परत पाठवत नाहीत.

तो एसटी स्टँडवरचा मुलगा? त्याने तिथूनच पॅम्फ्लेटवरच्या नंबरवर फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आलं, ‘परीक्षा आमचीच असते, टेन्शन घेऊ नको.’ दुसऱ्या प्रश्नाला फोन कट. शनिवार गेला, हप्ता भरला गेला नाही. सध्या तो वैधतेसाठी आजोबांच्या नावाचा उतारा शोधतोय. पुढच्या प्रवेशापर्यंत हातात पडेल का, हे त्यालाही माहीत नाही.

तुमचा काय संबंध?

आहे. पुढच्या पावसात जव्हारला जाल तेव्हा रिसॉर्टमध्ये चहा आणून देणारा पोऱ्या बारावी सायन्स असू शकतो. त्याला टिप द्याच, पण हे पाच प्रश्नही द्या. तुमच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप महाडीबीटीचा अर्ज भरायला पुरेसा आहे. तुमच्या ओळखीत केईएम किंवा नायरला शिकणारं कुणी असेल तर एक फोन जोडून द्या. हॉस्टेलमध्ये नेमकं कुणाला भेटायचं हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. आणि तुमच्या थ्री-बीएचकेची एक खोली रिकामी असेल, तर डिपॉझिट न घेता ती वर्षभरासाठी देण्याचा विचार करून बघा. भाडं ठरलेलंच आहे, महिना १,६६६ रुपये.