संगणकप्रणालीची भारचाचणी

कर्जवाटपाच्या हंगामात कागल तालुक्यातील शेतकरी सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रात जातो, तेव्हा राज्यभरातील मागण्याही त्याच संगणकप्रणालीवर येत असतात. तिला भार पेलला नाही, तर त्याची खेप वाया जाते. यास्तव प्रणालीची भारचाचणी आधीच घेणे अगत्याचे आहे.

‘अपाचे जेमीटर’ हे विनामूल्य साधन कृत्रिम वापरकर्त्यांकरवी मागण्या पाठवून प्रतिसादाचा वेळ व चुका मोजते. २०२२ मधील ५.५ या आवृत्तीत, आधीची मागणी पूर्ण होवो वा न होवो, ठरावीक गतीने नव्या मागण्या धाडण्याची सोय झाली. रांगेतील माणसेही अशीच येतात. या आवृत्तीस जावा ८ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. चाचणीचा संगणक मूळ सर्व्हरहून वेगळा असावा; अन्यथा मोजमाप फसवे ठरते. चाचणी मात्र सरासरी दिवसाची नव्हे, गर्दीच्या दिवसाची घ्यावी.