हँक पिमचे वजन किती?

जानेवारी 1962 ही तारीख छापलेला ‘टेल्स टू अस्टॉनिश’ या अमेरिकी कॉमिक मासिकाचा 27 वा अंक बाजारात आला, तेव्हा त्यातला हेन्री ऊर्फ हँक पिम कुणी महानायक नव्हता. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलेला एक संशोधक, एवढीच त्याची ओळख होती. वस्तू लहान करणारे एक द्रावण आणि ती पूर्ववत करणारे दुसरे, अशी दोन द्रावणे तो तयार करतो. पहिले स्वतःवर वापरून बघतो आणि कल्पनेपेक्षा कितीतरी वेगाने मुंगीएवढा होऊन बसतो. उतारा खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेला असतो. मुंग्या मागे लागतात, तो वारुळात शिरतो, एका मुंगीशी ज्युदोचे डाव खेळतो. शेवटी दुसरीच एक मुंगी त्याला पाठीवर घेऊन भिंत चढते आणि उताऱ्यापाशी पोहोचवते. माणसाच्या आकारात परतल्यावर पिम दोन्ही द्रावणे ओतून टाकतो. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी यांची ही छोटीशी कथा मला पुढच्या सगळ्या पिमकथांहून सरस वाटते. आपण काय करून बसलो याची भीती वाटलेला शास्त्रज्ञ त्या काळच्या कॉमिकमध्ये क्वचितच दिसे.

कथा वाचकांना आवडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकात पिम शिरस्त्राण घालून ‘अँट-मॅन’ म्हणून परतला. 1963 मध्ये जॅनेट व्हॅन डाइन ही ‘वास्प’ म्हणजे गांधीलमाशी बनून त्याची जोडीदार झाली आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या पहिल्या अंकात दोघेही संस्थापक सदस्य होते. पण थॉर आणि आयर्न मॅन यांच्या शेजारी मुंगीएवढे उभे राहणे त्याला जड गेले. वर्ष सरायच्या आत तो ‘जायंट-मॅन’ झाला. पुढे ‘गोलायथ’ झाला आणि काही काळ दहा फुटांवरच अडकून पडला. 1968 मध्ये त्याने घडवलेला अल्ट्रॉन नावाचा यंत्रमानव त्याच्यावरच उलटला. 1981 मधल्या एका कथेत मनाचा तोल गेलेला पिम जॅनेटवर हात उचलतो आणि वाचकांनी त्याला त्याबद्दल कधी पुरती माफी दिली नाही. तोवर अँट-मॅनचा पोशाख स्कॉट लँग या दुसऱ्याच माणसाच्या अंगावर गेला होता. 2015 च्या चित्रपटात मायकेल डग्लसने रंगवलेला म्हातारा पिम याच लँगला तयार करतो.

इतक्या नावांत, इतक्या आकारांत वावरलेल्या या माणसाबद्दल एक प्रश्न त्याच्या लेखकांनी साठ वर्षांत कधी धसाला लावला नाही. मुंगीएवढा झाल्यावर त्याचे वजन किती? आपल्याकडे अष्टसिद्धींची यादी करणाऱ्यांनी अणिमा म्हणजे लहान होणे, लघिमा म्हणजे हलके होणे आणि गरिमा म्हणजे जड होणे या तीन वेगवेगळ्या सिद्धी मानल्या. आकार आणि वजन यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो, हे त्यात गृहीत आहे. पिमच्या कथांमध्ये नेमका हाच हिशेब गायब आहे, आणि तो मांडू लागले की पदार्थविज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर उलगडतो.

चित्रपटातले स्पष्टीकरण आधी घेऊ. पोशाखातले ‘पिम कण’ अणूंमधले अंतर कमी करतात, म्हणून आकार घटतो पण वस्तुमान तेवढेच राहते, म्हणून त्याचा ठोसा पूर्ण वाढीच्या माणसासारखा बसतो. समजा, 175 सेंटीमीटर उंचीचा, 70 किलोचा माणूस सव्वा सेंटीमीटरचा झाला. उंची 140 पट घटली. दोन्ही तळव्यांचे मिळून साधारण 400 चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ घटून दोन चौरस मिलिमीटर उरले आणि त्यावर 70 किलोंचा भार आला. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे 350 न्यूटन. घराच्या स्लॅबला वापरतात ते एम-20 किंवा एम-25 ग्रेडचे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला 20 ते 25 न्यूटन दाब सोसते, असे गृहीत धरून बांधकामाची गणिते होतात. पिमच्या पायाखाली त्याच्या चौदा-पंधरापट दाब आहे. तो जमिनीवर चालणार नाही, जमिनीत रुतत जाईल. उडत्या मुंगीच्या पाठीवर बसायची तर गोष्टच सोडा. तरी याच चित्रपटात पिम एक आख्खा रणगाडा किल्लीच्या साखळीला अडकवून खिशात घालून फिरतो. ठोशाला वजन आहे, खिशातल्या रणगाड्याला नाही.

आता घनता पाहू. उंची 140 पट घटली की घनफळ 27 लाख पटींहून अधिक घटते. माणसाची घनता पाण्याएवढी धरली तर या पिमच्या अंगाचा एक घन सेंटीमीटर तुकडा पावणेतीन टन भरेल. इतका घट्ट पदार्थ विश्वात खरोखर आहे. तो श्वेतबटू ताऱ्यांत सापडतो. गंमत अशी, की पिमच्या काहीच महिने आधी, 1961 मध्ये, प्रतिस्पर्धी डीसी कंपनीच्या ‘शोकेस’ या कॉमिकमध्ये गार्डनर फॉक्स आणि गिल केन यांनी रे पामर हा पदार्थवैज्ञानिक ‘अ‍ॅटम’ म्हणून नव्याने आणला, आणि त्याच्या लहान होण्याचे रहस्य म्हणजे आकाशातून पडलेला श्वेतबटूचा तुकडा! पामर तो उचलून प्रयोगशाळेत आणतो. खरा श्वेतबटू मुठीएवढा जरी असता तरी त्याचे वजन काही शे टन भरले असते. मात्र अ‍ॅटमच्या लेखकांना वजनाचा प्रश्न निदान सुचला होता. पामर आकाराबरोबर वजनही हवे तसे कमी-जास्त करतो आणि लढाईत त्याचा उपयोग करतो. म्हणून विज्ञानकथा या नात्याने मला पिमपेक्षा पामर उजवा वाटतो.

श्वेतबटू इतका घट्ट कसा राहतो? सूर्याएवढे वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबले जाते तेव्हा अणूंची रचना मोडते आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन ‘आणखी जवळ येणार नाही’ म्हणून प्रतिकार करतात. हा नुसता विद्युतभारांचा रेटा नाही. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, या पुंजभौतिकीतल्या नियमाचा तो परिणाम आहे. जुलै 1930 च्या अखेरीस मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर याच प्रतिकाराचे गणित करत होता. या प्रतिकाराला मर्यादा आहे, हे त्याच्या लक्षात आले. आज ती चंद्रशेखर मर्यादा म्हणून ओळखली जाते आणि सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे 1.4 पट एवढी धरतात. 1983 मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले. एका आख्ख्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण पदार्थाला अशा अवस्थेत दाबून धरते. पिमजवळ तसे काही नाही. ढोबळ हिशेब केला तर 70 किलोंचे शरीर इतके दाबायला हिरोशिमावरच्या बॉम्बच्या अनेक पट ऊर्जा खर्ची पडेल, आणि पकड सुटताच ती तितक्याच जोराने बाहेर पडेल.

दुसरा मार्ग असा, की अणूंची संख्याच कमी करायची, 27 लाखांतला एकच अणू ठेवायचा. यात वजन सुटसुटीत होते, 25 मिलिग्रॅम. पण माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यांना याच प्रमाणात कात्री लावली तर एकतीस हजारांच्या आसपास उरतील. मुंगीच्या मेंदूत अडीच लाखांच्या घरात असतात. वारुळात शिरलेला हा थोर शास्त्रज्ञ तिथल्या सर्वांत मंद प्राण्याहून मंद ठरेल.

तिसरा मार्ग अणूच आक्रसवायचा. 1966 च्या ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ या चित्रपटाची कादंबरी लिहिताना आयझॅक असिमॉव्ह यांना या अडचणी टोचत होत्या. 1987 मध्ये त्यांनी त्याच कल्पनेवर नवी कादंबरी लिहिली आणि तिथे प्लांकचा स्थिरांक लहान करायची युक्ती योजली. ती मला फार आवडते, कारण अणूचा आकार खरोखर त्या स्थिरांकावर, इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर आणि त्याच्या विद्युतभारावर ठरतो. पण मग श्वासात आलेला बाहेरचा ऑक्सिजन पूर्वीच्याच आकाराचा राहणार आणि पिमच्या चिमुकल्या हिमोग्लोबिनमध्ये तो बसणार नाही.

हे सगळे क्षणभर माफ करू. कसे ते न विचारता 25 मिलिग्रॅमचा, शाबूत बुद्धीचा हँक पिम जमिनीवर उभा आहे असे समजू. त्याचा दिवस कसा जाईल? गॅलिलिओने 1638 मध्येच दाखवले होते, की आकार बदलला की लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच प्रमाणात बदलत नाहीत. स्नायूंची ताकद त्यांच्या आडव्या छेदावर ठरते आणि वजन घनफळावर. म्हणून लहान झालेला पिम वजनाच्या मानाने 140 पट बळकट होईल. मुंगी स्वतःच्या कित्येक पट ओझे उचलते यात तिच्या स्नायूंची काही जादू नाही, ते लहान असण्याचे फळ आहे. तीच मुंगी माणसाएवढी केली तर तिला उभेही राहता येणार नाही. गच्चीवरून पडला तरी हा पिम सहीसलामत उतरेल, कारण हवेचा विरोध त्याला वेग घेऊ देणार नाही.

इथपर्यंत चंगळ आहे. पण जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये योग्य आकाराविषयी जो छोटा निबंध लिहिला, त्यात पाण्याची गोष्ट आहे. ती पिमला लावून पाहावी. (हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) आपण अंघोळ करून बाहेर येतो तेव्हा अंगावर पाण्याचा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा थर असतो. आपल्याला तो जाणवतही नाही. पिमच्या अंगाचा पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरला जरा कमी. त्यावरच्या अर्धा मिलिमीटर थराचे वजन जवळपास 45 मिलिग्रॅम होते, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट. दवाच्या एका थेंबात पाय अडकला तर पृष्ठताण त्याला सोडणार नाही. ज्या किड्याला पाणी प्यायला वाकणे हाच जिवावरचा खेळ आहे, त्याला सोंड का लागते हे यावरून कळते.

थंडीचे तर विचारूच नका. उष्णता अंगाच्या पृष्ठभागातून निसटते आणि वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग 140 पट वाढला आहे. सर्वांत हलक्या सस्तन प्राण्यांपैकी एक असलेली एट्रुस्कन चिचुंद्री दोनेक ग्रॅमची असते. ती रोज स्वतःच्या वजनाहून अधिक खाते, आणि तिचे हृदय मिनिटाला दीड हजार ठोक्यांपर्यंत पळते. पिम तिच्याही सत्तरेक पट हलका. मिनिटभरात तो गारठेल. मुंग्या शरीर गरम ठेवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, ते उगीच नाही.

त्याला दिसेल तरी काय? चार मिलिमीटरची बाहुली 0.03 मिलिमीटरची झाली. प्रकाशाच्या लाटेची लांबी मात्र तीच, मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. इतक्या चिंचोळ्या भोकातून प्रकाश पसरत जातो आणि एका अंशाहून बारीक तपशील पुसले जातात. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. पिमला तो उजेडाचा फुटका ठिपका दिसेल. त्याचे स्वरतंतूही आखडले, म्हणजे 120 हर्ट्झचा पुरुषी आवाज 17 हजारांच्या आसपास गेला. जॅनेटला त्याची हाक डासाच्या गुणगुणण्याहूनही कितीतरी बारीक लागेल. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना बहुधा ऐकूच येणार नाही.

पिमकथांची खरी हुकलेली संधी मात्र मुंग्यांच्या बाबतीत आहे. त्याच्या शिरस्त्राणातून विद्युतसंदेश जातात आणि मुंग्या ते ऐकतात. वास्तविक 1959 मध्येच ‘फेरोमोन’ हा शब्द शास्त्रात आला होता आणि त्याच वर्षी एडवर्ड विल्सन यांनी आगमुंगीची वाट कुठल्या ग्रंथीतल्या रसायनाने आखली जाते ते दाखवले होते. त्या ग्रंथीचा अर्क काचेवर रेषेसारखा ओढला की मुंग्या रांगेने त्या रेषेवरून चालू लागतात. विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये आणखी एक प्रयोग नोंदवला. मेलेल्या मुंगीत तयार होणारे ओलिक आम्ल जिवंत मुंगीला लावले, तर इतर मुंग्या ती पाय झाडत असतानाही तिला उचलून प्रेतांच्या ढिगावर टाकून येतात. ती परत आली की पुन्हा नेतात. अंग चाटून वास जाईपर्यंत हे चालते. डोळ्यांसमोर हालणाऱ्या पायांपेक्षा त्यांना वासाची साक्ष मोठी. कर्बीच्या कुंचल्याला हे दृश्य मिळाले असते तर पिमच्या वारुळातल्या त्या पहिल्या प्रवासाला केवढी धार आली असती!

वारुळात बिनबोभाट शिरून राहण्याची कला निसर्गात काही जिवांना खरोखर साधली आहे. मुंगीटोळ मुंग्यांना अंग घासून त्यांचा वास स्वतःला लावून घेतो. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या अनेक अळ्यांभोवती मुंग्या राखणीला असतात. आपल्या सह्याद्रीतही पानावर अळी आणि तिच्या पाठीवरचा गोड थेंब टिपणाऱ्या मुंग्या शोधल्या तर दिसतात. युरोपातल्या फेंगॅरिस फुलपाखराच्या अळीची मजल त्याहून पुढे गेली आहे. ती मुंगीच्या पिल्लासारखा वास धारण करून जमिनीवर पडून राहते. मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून घरट्यात नेतात. तिथे ती राणीमुंगीच्या आवाजाशी मिळताजुळता आवाज काढते आणि कामकरी मुंग्या तिला राणीच्या मानाने वागवतात. तिला भरवून भरवून मोठी करतात, ती मुंग्यांहून कितीतरी मोठी झाली तरी.