गळ्यातली ग्रंथी, पाठीतला मणका

धुतलेली गोधडी ओली असताना किती जड होते, हे जिने ती पिळली आहे तिलाच ठाऊक. मावशीने ती बादलीतून उचलून दोरीवर टाकली आणि तिच्या पाठीत मधोमध कळ गेली. ती पडली नव्हती, घसरली नव्हती. दोन दिवस बाम चोळून झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. तिसऱ्या दिवशी कूस बदलता येईना, तेव्हा एक्स-रे काढला. कमरेच्या थोडा वरचा एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता. मावशीचं वय ६८. ‘या वयात व्हायचंच,’ असं घरात सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

हाडांच्या डॉक्टरांनी मात्र सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. पिशवीत थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली निघाली. त्यावर १२५ मायक्रोग्रॅम असं छापलेलं. हा डोस ठरला तेव्हा मावशीचं वजन ७१ किलो होतं. त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात तिचं वजन ५४ वर आलं होतं आणि रक्ताची शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वीची होती. दर वेळी दुकानातून तीच बाटली यायची. नवी तपासणी केली तर टीएसएच निघालं ०.०५. सर्वसाधारणपणे ते ०.४ ते ४ च्या आसपास असावं लागतं.

आपल्याकडे ‘तिला थायरॉइड आहे’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. थायरॉइड तर प्रत्येकालाच असते. गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी अन्नातलं आयोडीन घेऊन दोन संप्रेरकं तयार करते. आयोडीनचे चार अणू असलेलं टी-४ आणि तीन अणू असलेलं टी-३. टी-४ हा बराचसा साठा असतो. शरीरातल्या पेशी त्यातला एक अणू काढून टी-३ बनवतात आणि खरं काम ते करतं. टीएसएच मात्र थायरॉइडचं नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून येतं आणि थायरॉइडला ‘काम कर’ असं सांगतं. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की पीयूष ग्रंथी सांगणं थांबवते, म्हणून टीएसएच घसरतं. रिपोर्टवरचा हा उलटा हिशेब न कळल्यामुळे ‘आकडा कमी आला, बरं झालं’ असं समाधान मानणारी माणसं मी पाहिली आहेत. मावशीचा ०.०५ हा आकडा सांगत होता की तिच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त फिरतंय, आणि ते कदाचित काही वर्षं फिरतंय.

पण गळ्यातल्या ग्रंथीचा पाठीतल्या मणक्याशी संबंध काय?

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा, कोरडा सांगाडा येतो. जिवंत माणसाचं हाड तसं नसतं. ते ओलं असतं, त्यात रक्त खेळतं आणि ते सतत बदलत असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं, तडे गेलेलं हाड आम्लाने विरघळवून बारीक खड्डा करतात. मागून ऑस्टिओब्लास्ट येतात, त्या खड्ड्यात प्रथिनांचं जाळं विणतात आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फरस बसवतात. मावशी गोधडी दुरुस्त करते तेव्हा नेमकं हेच करते. विरलेला तुकडा उसवते, नवा लावते, टाके घालते. उसवायला थोडा वेळ लागतो, शिवायला पुष्कळ. हाडातही पोखरण काही आठवड्यांत होते, भरायला महिने लागतात. निरोगी माणसात अशी एक फेरी सुमारे २०० दिवसांत पुरी होते.

या फेरीची गती थायरॉइड ठरवते. संप्रेरक जास्त झालं की फेरी जवळपास निम्म्या वेळात उरकली जाते. वरवर हे चांगलं वाटेल, पण एकाच वेळी अनेक ठिकाणी उसवायला सुरुवात होते आणि शिवणाऱ्या हातांना पुरेसा वेळच मिळत नाही. प्रत्येक फेरीत थोडं हाड भरायचं राहून जातं. दुखत नाही, सूज येत नाही, काही कळत नाही. संप्रेरक कमी पडलं तर उलटं होतं. फेरी रेंगाळते, सुमारे ७०० दिवसांपर्यंत लांबते. मोठ्या माणसात त्याने हाड चटकन कमी होत नाही, पण जुनं हाड बदललं जात नाही.

लहान मुलांत मात्र ही कमतरता फार महाग पडते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी हाडाचा एक छोटा ठिपका बहुधा दिसतो. जन्मतः थायरॉइड काम करत नसेल तर कित्येकदा तो ठिपका दिसत नाही. हाडाचं घड्याळ पोटात असतानाच मागे पडलेलं असतं. बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी होते आणि पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. मेंदूच्या दृष्टीनेही हे आठवडे परत न मिळणारे असतात. जिथे बाळंतपण होणार आहे तिथे ही तपासणी होते का, हे प्रत्येक आजीने विचारावं असं मला मनापासून वाटतं.

वैद्यकाच्या इतिहासात १८९१ हे साल या विषयाच्या दोन्ही टोकांना सापडतं. त्या वर्षी जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन यांनी अतिथायरॉइडने दगावलेल्या एका तरुण स्त्रीच्या हाडांचं वर्णन केलं. तिची लांब हाडं किडीने खाल्ल्यासारखी दिसत होती. थायरॉइडची हाडांशी घातलेली ती पहिली गाठ. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. तिची थायरॉइड मंदावली होती, अंगावर सूज होती, बोलणं-चालणं संथ झालं होतं. ती सुधारली आणि अर्क घेत घेत पुढे २८ वर्षं जगली. १९१९ मध्ये ती गेली तोवर तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या होत्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं. आज मावशीच्या बाटलीतली मिरीच्या दाण्याएवढी गोळी त्याच रेणूची, कारखान्यात बनवलेली.

हे सांगायचं कारण असं की मावशीचा प्रसंग ऐकल्यावर आमच्या नात्यातल्या दोघींनी गोळीच बंद केली. ‘थायरॉइडच्या गोळीने हाडं झिजतात,’ असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हे साफ चुकीचं आहे. बरोबर मापाची गोळी शरीरात नसलेली वस्तू फक्त भरून काढते. तिने हाड झिजत नाही. हाड झिजतं ते जादा संप्रेरकाने. मग ते जादा संप्रेरक ग्रेव्हज रोगात स्वतःच्याच ग्रंथीने बनवलेलं असो, की वर्षानुवर्षं न तपासलेल्या डोसातून आलेलं असो. २०१५ मध्ये १३ अभ्यासांतल्या ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांचं टीएसएच कमी होतं पण टी-४ अजून मर्यादेत होतं, म्हणजे ज्यांना काही त्रासही जाणवत नसेल, त्यांच्यात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. टीएसएच ०.१ च्याही खाली असेल तर ६१ टक्क्यांनी. टीएसएच थोडं वाढलेलं असणाऱ्यांत असा धोका दिसला नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ही गोळी घेणाऱ्या ७० वर्षांवरच्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डोस जितका मोठा तितकी मोडलेली हाडं जास्त, असंच चित्र दिसलं.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली. म्हणजे गोळी घेणारं माणूस आज जवळजवळ प्रत्येक नात्यागोत्यात आहे. डोस एकदा ठरला की तो जन्माचा, असा समजही घरोघर आहे. तो तसा नसतो. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. मावशीच्या ७१ किलोंना ते ११४ च्या आसपास होतं, ५४ किलोंना ८६. शिवाय वय वाढतं तसं औषध शरीरातून संथपणे बाहेर पडतं, गरज आणखी कमी होते. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायचं, स्थिरावलं की वर्षातून एकदा. एवढंच करायचं होतं. आम्ही चौघे भाचे-पुतणे तिला दर महिन्याला फोन करत होतो, ‘गोळी घेतलीस का’ विचारत होतो. ‘रक्त कधी तपासलंस’ हे कुणीच विचारलं नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवायला हवा. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांत टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, कारण ते उरल्यासुरल्या पेशींना डिवचतं. तिथे कमी आकडा हाच उपचार असतो. हाडांची काळजी वेगळी घ्यावी लागते, पण डोसाला स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही.

मणका मोडल्यावर दुसराच घोळ झाला. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी सुरू झाली आणि मावशीने शिस्तीत ती सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबर, दुधाच्या घोटासोबत घ्यायला सुरुवात केली. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. दोन महिन्यांनी टीएसएच ९ वर गेलं. याच आकड्यावर डोस वाढवला असता आणि पुढे कधी कॅल्शियमची वेळ बदलली असती, तर गाडी पुन्हा जुन्याच खड्ड्यात गेली असती. थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तास सोडून. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगून ते दोनेक दिवस थांबवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं.

कॅल्शियमचा विषय निघाला की आणखी एका ग्रंथीची गल्लत होते. थायरॉइडच्या पाठीमागे मसुरीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. पहिल्यांदा त्या दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन करताना त्याच्या गळ्यात ही लहान गाठ टिपली. माणसात त्या १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रोम यांनी वर्णिल्या. थायरॉइड काढताना या इवल्या ग्रंथी दुखावल्या तर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. अशा वेळी अंगावर काढू नये.

मावशीच्या मोडक्या मणक्याचा सगळा दोष थायरॉइडच्या माथी मारणंही योग्य नाही. जादा थायरॉइडचा मार खुबा, मनगट इथल्या घट्ट हाडावर अधिक बसतो. मणका आतून जाळीदार असतो आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन उरत नाही तेव्हा ही जाळी वेगाने विरळ होते. तिच्यात दोन्ही एकत्र आलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात. तिचा उणे २.९ होता.

आता सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी असते आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. आहारतज्ज्ञांच्या हिशेबाने तिच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधातून त्यातलं २४० च्या आसपास मिळतं. ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १८०. दही, तिळाची चटणी, अधूनमधून सुकट. उरलेलं गोळीतून. व्हिटॅमिन डी कमी निघालं, तेही सुरू आहे. संध्याकाळी ती देवळापर्यंत चालत जाते, कारण वजन पेललं तरच हाड जाड होतं. मोरीत रबरी चटई आली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तपासणीच्या तारखेभोवती तिने लाल पेनाने गोल काढला आहे.

मागच्या महिन्यात टीएसएच १.९ आलं. दोन वर्षांनी डेक्सा पुन्हा केली, टी-स्कोअर उणे २.६. गोधडी आता दोघीजणी दोन टोकं धरून पिळतात.