ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅडमिन फोल्डरची राखण

आंब्याचा हंगाम आला किंवा गुऱ्हाळे सुरू झाली, की काही शेतकरी उत्पादक कंपन्या आपला माल ऑनलाइन दुकानातून थेट शहरातील ग्राहकांस विकतात. दुकानाची दर्शनी बाजू हौसेने सजविली जाते. परंतु मालाचे भाव, आलेल्या मागण्या, ग्राहकांचे पत्ते आणि पैसे कोणत्या बँक-खात्यात जमा व्हावेत, हे सर्व ज्या मागील दालनातून ठरते त्या अ‍ॅडमिन फोल्डरकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ते परक्याच्या हाती पडल्यास माल सभासदांचा जातो आणि पैसा भलत्याच खात्यात पडतो. हिशेब जुळेनासा होईपर्यंत कित्येकदा हे ध्यानातही येत नाही.

ओपनकार्टसारख्या दुकान-प्रणालीत या फोल्डरचे नाव आरंभी ‘अ‍ॅडमिन’ असेच असते. चोरांचे स्वयंचलित प्रोग्राम दुकानाच्या पत्त्यापुढे हाच शब्द जोडून रात्रंदिवस दारे ठोठावीत असतात. यास्तव सर्व फाइलींचा व डेटाबेसचा बॅकअप घेऊन प्रथम ते नाव बदलावे. अक्षरे व अंक मिसळलेले, सहज न सुचणारे नाव बरे. फोल्डरमधील कॉन्फिग फाइलीतही नवे नाव घालावे. एरवी आपल्याच माणसास आत जाता येणार नाही. प्रेस्टाशॉपमध्ये तर इन्स्टॉल फोल्डर काढून टाकल्यावाचून हे दालन उघडतच नाही. ही सक्ती गैरसोयीची वाटली तरी योग्य आहे.

नवे नाव ‘रोबोट्स’ फाइलीत मात्र लिहू नये. शोध-यंत्रांनी तिकडे जाऊ नये म्हणून ते लिहिले जाते, पण ती फाइल कोणासही वाचता येत असल्याने चोरास आयताच पत्ता मिळतो.

नाव बदलणे म्हणजे कुलूप घालणे नव्हे. अपाची सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस फाइलीच्या साहाय्याने या फोल्डरला दुसरा पासवर्ड लावता येतो. दुकान एचटीटीपीएसवर असणे मात्र अगत्याचे आहे. नाही तर दोन्ही पासवर्ड वाटेतच वाचले जाण्याचा संभव असतो.

सर्वांत अधिक हयगय होते ती आवराआवरीत. दुरुस्ती करताना जुन्या कॉन्फिग फाइलीस ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ असे शेपूट जोडून ती तेथेच ठेवली जाते. मूळ पीएचपी फाइल सर्व्हर चालवितो, तिच्यातील मजकूर दाखवीत नाही. शेपूट जोडलेली प्रत मात्र तो बहुधा साध्या कागदासारखी मागेल त्याच्या हाती देतो, आणि तीत डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा असतो. जुने काही टाकवत नाही हा स्वभाव घरच्या माळ्यापुरता ठीक आहे. बॅकअप सर्व्हरवरील दुकानाच्या फोल्डराबाहेर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. कोणत्याही फोल्डरास ७७७ अशी सर्वांस लिहिण्याची मुभा देऊ नये. फोल्डरांस ७५५ व फाइलींस ६४४ सामान्यतः पुरते.

प्रत्येक कार्यकर्त्यास स्वतंत्र खाते द्यावे. हंगामापुरता ठेवलेला मुलगा काम सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. दुकान उभारून देणाऱ्या तंत्रज्ञाकडील पासवर्डही काम संपताच बदलावेत. हे सांगताना संकोच वाटतो खरा, पण चांगला तंत्रज्ञ ते आपण होऊन सुचवितो.

घुसखोरीचा संशय आल्यास सर्व्हरवरील नोंदी पुसू नयेत. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची खबर ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत द्यावयाची असते.