विमा तुमच्या खाचराचा नाही, मंडळाचा

शहाडहून मुरबाड रस्ता धरला की म्हारळ, वरप, कांबा मागे टाकत रायत्याला उल्हास नदीचा पूल लागतो. शहाड-उल्हासनगरच्या चाळींत आणि इमारतींत राहणाऱ्या कितीतरी घरांचा सातबारा याच वाटेवरच्या गावांत किंवा पुढे मुरबाडकडे आहे. शेती भाताची, जोडीला थोडी नाचणी. पीक विम्याबद्दलची माहिती मात्र या घरांत बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून येते, आणि तीही जुनी.

सर्वांत चिवट समज म्हणजे ‘एक रुपया भरला की झालं’. ही सवलत 2023 च्या खरिपापासून होती. शेतकऱ्याचा उरलेला हप्ता राज्य सरकार भरत होतं. देवस्थानांच्या आणि बिगरशेती जमिनींवरही विमा काढल्याचे प्रकार उघड झाले आणि 9 मे 2025 च्या शासन निर्णयाने योजना बदलली. आता खरिपाच्या अन्नधान्य व गळितधान्य पिकांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना 5 टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. प्रत्यक्ष विमा दर याहून कमी निघाला तर तेवढाच. सामूहिक सेवा केंद्रवाल्याला प्रत्येक अर्जामागे 40 रुपये विमा कंपनी देते. त्याने हप्त्यावर ‘फॉर्मचे’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर ते द्यायचे नाहीत.

पण हप्त्याचं दुखणं त्या मानाने किरकोळ. खरी गफलत दुसरीकडे आहे. ‘माझं भात गेलं, मला भरपाई मिळणार’ हे वाक्य ऐकायला इतकं सरळ वाटतं की कुणी तपासूनच पाहत नाही. या विम्याचा हिशेब एकट्या शेताचा नसून अधिसूचित क्षेत्राचा, म्हणजे साधारणपणे महसूल मंडळाचा होतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढतात आणि तिच्या 70 टक्क्यांना उंबरठा उत्पन्न म्हणतात. सरासरी हेक्टरी 30 क्विंटल धरली तर उंबरठा 21 चा. पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचं उत्पन्न 14 क्विंटल निघालं, तर तूट 7 क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या एक तृतीयांश. विमा रकमेचाही तेवढाच हिस्सा मिळेल. उत्पन्न 22 निघालं तर कुणालाच काही नाही. नदीकाठचं तुमचं खाचर चार दिवस पाण्याखाली असलं, तरीही नाही. उलट मंडळ बुडालं आणि तुमचं एकट्याचं शेत तरलं, तर भरपाई तुम्हालाही. भातासाठी या हिशेबात उपग्रहाच्या माहितीवरून काढलेल्या उत्पन्नालाही वजन दिलं जातं.

पूर्वी या नियमाला पळवाट नव्हे, पण वाट होती. स्थानिक आपत्तीत किंवा कापून ठेवलेलं भात पावसात भिजलं तर 72 तासांत कळवायचं आणि त्याच शेताची पाहणी व्हायची. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने हे घटक योजनेतून काढले आणि भरपाई फक्त मंडळाच्या उत्पन्नाच्या हिशेबावर ठेवली. ज्या कोकणात ऑक्टोबरचा पाऊस नेमका कापणीवर येतो, तिथे हा बदल सर्वांत जास्त बोचणारा आहे, असं माझं मत.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून भात बुडाल्याचं आणि वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात धरलं जाईल. 2018 मध्ये भात बुडण्याचा धोका यादीतून गेला होता, तो परत आला. भू-स्थानासह फोटो काढून पीक विम्याच्या अ‍ॅपवर 72 तासांत नोंद करायची अट आहेच. मात्र दिल्लीची घोषणा म्हणजे आपल्या तालुक्यातलं कवच नव्हे. हंगामाच्या अधिसूचनेत ते आलंय का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावं.

तलाठी पंचनामा करून गेला म्हणजे विमा मंजूर, हाही असाच घोळ. पंचनाम्यावर मिळते ती आपत्ती निवारण निधीतली सरकारी मदत. तिला विमा लागत नाही, आणि ती मिळाली म्हणून विम्याचा दावा सिद्ध होत नाही.

शहाडात बसून अर्ज भरता येतो, पण ई-पीक पाहणीला शेतातच जावं लागतं. ही पाहणी आणि अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आता बंधनकारक आहेत. विमा भाताचा आणि पाहणीत नोंद दुसऱ्याच पिकाची, असं आढळलं तर अर्ज रद्द होतो.

कर्जदारांचा समज उलट्या दिशेचा आहे. विमा 2020 च्या खरिपापासून त्यांनाही ऐच्छिक आहे. पण नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो.

मुदतवाढ तर मिळतेच, असं गृहीत धरणाऱ्यांना 2025 ने थोडा आधारही दिला. खरिपाची 31 जुलैची मुदत बिगरकर्जदारांसाठी 14 ऑगस्टपर्यंत गेली. पण ती वाढ ऐनवेळी जाहीर होते. त्या वर्षीच्या रब्बीत ज्वारीसाठी 30 नोव्हेंबर, गहू, हरभरा व कांद्यासाठी 15 डिसेंबर आणि उन्हाळी भात, भुईमुगासाठी 31 मार्च अशा वेगवेगळ्या तारखा होत्या. शंका असेल तर 14447 हा मदत क्रमांक आहे.